आधी मोजमाप, मग ताई

प्रयोगशाळेत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिची स्वतःची नजर ठणठणीत होती. पण लेझरच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर संरक्षक चष्मा चढल्याशिवाय ती बटणाला हात लावत नसे. घड्याळं, अंगठ्याही बाहेरच काढायला लावी. चकचकीत धातूवरून उलटलेला किरण कुणाच्या डोळ्यात घुसेल, याचा काय नेम! त्वचा न कापता आतल्या पेशी दाखवणारं ते सूक्ष्मदर्शक तिनं पहिल्यापासून सांभाळलं होतं. तिथं तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

घरी मात्र सगळं उलटं. वेणी कशी घालायची इथपासून नवरा कोणता करायचा इथपर्यंत ताईनं ठरवायचं आणि हिनं मान डोलवायची.

त्याच ताईच्या दंडावर एक काळा डाग वाढायला लागला आणि डॉक्टरांनी तिला याच खोलीत पाठवलं. ताईनं ऐटीत बाही वर केली. "हं, उरक लवकर. मला अजून बँकेत जायचंय."

चष्मेवालीनं नेहमीसारखा आधी भिंगाखाली मापक धरला. लेझरची ताकद रोजच्यापेक्षा जास्त दिसत होती. पुन्हा धरला. आकडा तोच. तिनं यंत्र बंद केलं.

"आज नाही होणार, ताई."

"का? भाजेल?"

"बहुतेक नाही भाजणार. पण बहुतेकवर मी कुणाचा हात ठेवत नाही."

"अगं, मी काय परकी आहे? थोडं इकडंतिकडं चालतं!"

"इथं नाही चालत."

ताईनं बाही खाली ओढली आणि तरातरा निघून गेली. फोनही उचलेना. चष्मेवालीला वाईट वाटलं, पण केलं ते बरोबरच, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. तिनं तंत्रज्ञाला बोलावून यंत्र उघडलं. प्रकाश कमी करणारी काचेची चकती जागेवरून सरकली होती. ती बसवून घेतली, पुन्हा मोजलं, आणि मगच ताईला निरोप धाडला.

ताई आली, गाल फुगवूनच. तपासणी झाली, चष्मे उतरले. पडद्यावर पेशी फरशीसारख्या ओळीनं मांडलेल्या दिसत होत्या.

"ही मी?"

"तूच. आतून बरीच शिस्तीत आहेस."

ताईला हसू आवरेना. डाग निरुपद्रवी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं बहिणीचा हात घट्ट दाबला.

बाहेर एक गृहस्थ आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. ताई त्यांच्याजवळ थांबली. "अंगठी आत्ताच काढून ठेवा," ती म्हणाली. "आतल्या बाईंशी वाद घालून काही उपयोग नाही. मी घालून पाहिलाय."