आठ ओढण्या

अण्णा, भुसावळ स्टेशनवर माझी बॅग तुम्हीच डब्यात चढवलीत. लग्नाला दोनच महिने झाले होते आणि विलासची जयपूरला बदली झाली होती. गाडी हलली तसे तुम्ही खिडकीचा गज धरून म्हणालात, "काही झालं तर मला कळव. बाप आहे मी."

मी ते खरं मानलं.

दुसऱ्या वर्षी विलासनं माझा हात पिरगाळून मोडला. त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून मी न्हाणीघरात नळ सोडून तुम्हाला व्हॉइस मेसेज पाठवायचे. तुमचं उत्तर एकच, "धीर धर, बोलतो मी त्याच्याशी." मग एका रविवारी पोळ्या लाटताना बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज आला. "अण्णा, मला घेऊन जा." विलास त्याच्या मोबाइलवर ऐकत होता. तुम्ही माझे सगळे मेसेज त्यालाच पाठवले होते. जावयाला समज यावी म्हणून, असं तुम्ही नंतर म्हणालात. त्या दुपारी माझं काय झालं, ते तुम्ही अजून विचारलेलं नाही.

मी अनवाणीच शेजारच्या विमलाजींकडे गेले. त्यांनी आधी दाराला कडी घातली, मग माझ्या डोक्याची जखम धुतली. त्यांच्याच ओळखीनं मला सांगानेरला कापडछपाईच्या कारखान्यात काम मिळालं. तिथल्या कारागिराकडून मी माझी वाक्यं लाकडी ठशांत कोरून घेतली. यंदा प्रताप नगरच्या सभागृहात प्रदर्शन भरवून त्या ठशांनी छापलेल्या आठ ओढण्या टांगल्या. प्रत्येकीवर एका मेसेजची ओळ, खाली हिंदीत अर्थ.

फोटो पाहून तुमचा फोन आला. "घरातलं घरात ठेवावं, पोरी. काढून टाक ते."

"घरातच ठेवलं होतं, अण्णा. तुमच्याजवळ."

तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतर दिवाळीलाही केला नाहीत.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मुरलीपुऱ्याची सरोज नावाची बाई एकेका ओढणीपुढं थांबत आली. हळूच म्हणाली, "दीदी, घर से निकलकर आप गई कहाँ थीं?" मी विमलाजींचं सांगितलं. "मेरे पड़ोस में तो ऐसा कोई नहीं," ती म्हणाली. मी तिला माझा पत्ता लिहून दिला.

तीन आठवडे झाले, सरोज माझ्याकडेच आहे. काल भाजी निवडताना तिनं विचारलं, "आपका घर कहाँ है? मतलब, माँ-बाप का?"

भुसावळ म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "यहीं है."

ते खोटं वाटलं नाही, अण्णा. पण बरंही वाटलं नाही.