विहिरीच्या काठावरच्या बांगड्या

शिरूरच्या कॉलेजात प्रतिभा आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालो. ती पुढं पोलिसात शिपाई म्हणून लागली.

१९९९चा जून. कारगिलला लढाई चालू होती. प्रतिभाचा मावसभाऊ, निमोण्याचा रुद्र, तिकडेच होता. एका संध्याकाळी गावात उठलं, रुद्र गेला. सकाळी त्याची बायको नीलम विहिरीत सापडली. काठावर तिच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. नवरा गेल्याचं ऐकून तिनं बांगड्या फोडल्या आणि उडी घेतली, असं सगळे म्हणाले. तिच्या नावानं कमान उभारायचंही ठरलं.

तासाभरात रुद्रची बातमी खोटी निघाली. तो जिवंत होता.

बाईचं प्रेत म्हणून पंचनाम्याला प्रतिभाला नेलं. तुकडे बघून ती म्हणाली, "साहेब, हिनं उडी घेतलेली नाही."

"बांगड्यांवरून खुनी धरताय, बाई? मग आम्हालाबी भरा चार-चार," फौजदार म्हणाले. बाकीचे हसले.

"आमच्यात प्रेत दारात आल्याशिवाय बांगडी फुटत नाही. बाई स्वतः तर फोडतच नाही. विधवा बायका फोडतात, आत, माजघरात. पुरुष तेव्हा अंगणात असतात. त्यांना यातलं काही ठाऊक नसतं."

हसणं थांबलं. त्या घरात पुरुष एकच उरला होता. रुद्रचा धाकटा भाऊ, सत्यजीत.

प्रतिभा आधी मावशीकडे, रुद्रच्या आईकडे, गेली. झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. चूल विझलेली होती.

"मावशे, तुला कळलं होतं ना?"

"व्हय. तुकडं बघितलं तवाच." मावशीनं तिचा हात धरला. "एक पोरगं तिकडं गोळ्यांत हाय. दुसरं तू नगं न्हेऊ. मेलेली काय माघारी येती व्हय?"

प्रतिभानं हात सोडवून घेतला.

सत्यजीत दुपारीच कबूल झाला. भाऊ गेला असं समजून तो रात्री नीलमच्या खोलीत शिरला होता. तिचा बातमीवर विश्वास नव्हता; रुद्रला कळवीन, असं ती म्हणाली होती. त्यानं तिला विहिरीत ढकललं आणि तिच्या बांगड्या फोडून काठावर टाकल्या.

दसऱ्याला रुद्र रजेवर आला. प्रतिभाला म्हणाला, "मला परत जायचंय. आईजवळ आता कोण?"

"नीलम तुझी बायको होती, रुद्र."

त्यानं पिशवी उचलली आणि तो स्टँडकडे निघाला.

प्रतिभा आता दौंडला असते. सुट्टी मिळाली की एस.टी.नं निमोण्याला जाते. मागच्या रविवारी मीही बरोबर गेले. मावशीनं मला चहा दिला. प्रतिभाला विचारलंसुद्धा नाही. प्रतिभानं रिकामा हंडा उचलला आणि ती नळावर गेली.