निळा बाण

नकाशांच्या ऑफिसात ताईंना सगळे 'फूटपट्टी' म्हणत, तेही तोंडावर. वीस वर्षांत त्यांची रेघ एकदाही वाकडी गेली नव्हती. त्यांनी आखलेल्या हद्दींवर कितीतरी शेजाऱ्यांची भांडणं मिटली होती. हे सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

दोन महिन्यांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. कागदाचे दिवस असते, तर पेन्सिल दाबून धरून त्यांनी निभावून नेलं असतं. पण आता एकाच मोठ्या पडद्यावर दोघी काम करत. दोन माउस, दोन बाण. निळा ताईंचा, हद्दी ओढणारा. नारिंगी वहिनीचा, जमिनींचे क्रमांक टाकणारा. वहिनी म्हणजे भावाची बायको. ताईंनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. हातातली बारीकशी थरथर पडद्यावर वीतभर होऊन नाचायची.

आज साहेब काम बघायला येणार होते. सकाळी ताईंनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडलाच.

कॉम्प्युटर सुरू झाला की जो माउस आधी हलेल, त्याला निळा बाण मिळे. रोज ताई आधी हलवत. आज वहिनीने हलवला.

"अगं, हे काय करतेस?"

"गप्प बसा. हद्द मी ओढते, तुम्ही आकडे टाका. साहेब पडद्याकडे बघतात, आपल्या हातांकडे नाही."

"आणि कळलं तर?"

"तर म्हणू, फूटपट्टी उसनी घेतली होती."

ताईंना हसू आलं नाही. नको म्हणायला हवं होतं, पण त्यांनी आपला माउस हलवला आणि नारिंगी बाण घेतला.

साहेब मागे येऊन उभे राहिले. निळा बाण ओढ्याच्या काठाकाठाने, वळणावर अजिबात न अडखळता गेला.

"वा ताई! याला म्हणतात हात."

मग त्यांची नजर नारिंगी बाणावर गेली. आकडा एका छोट्या चौकटीत ठेवायचा होता आणि बाण तिच्याभोवती पाण्यात पडलेल्या माशीसारखा तडफडत होता.

"वहिनी, हे असं चालायचं नाही. उद्यापासून तुम्ही तळघरात, जुन्या नकाशांकडे."

तळघरात धूळ. वहिनीला दमा. रात्र रात्र उशांना टेकून बसलेली वहिनी ताईंनी पाहिली होती.

"बरं साहेब," वहिनी म्हणाली. निळा बाण चालतच राहिला.

ताईंनी माउसवरचा हात उचलला. नारिंगी बाण जागच्या जागी थिजला.

"साहेब, आज निळा हिचा आहे. थरथरतोय तो माझा."

त्यांनी हात टेबलावर ठेवला, साहेबांना दिसेल असा. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं.

"मग तळघरात तुम्ही," ते हळूच म्हणाले. "आणि ओढ्याचं हे वळण?"

"हिनेच ओढलंय," ताई म्हणाल्या. "मी शिकवलंय."