हवा भरेपर्यंत

सेवालाल महाराजांवर माझा राग होता आणि तो मी कुणापासून लपवत नव्हते. आमच्या यांनी उभा जन्म ट्रक चालवला. महाराजांना हात जोडल्याशिवाय कधी चावी फिरवली नाही. त्याच माणसाचा उजवा पाय लकव्याने गेला. मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. सासूबाई बोलल्या, तर त्यांनाही उलट उत्तर दिलं.

दारव्ह्याकडच्या एका टेकडीवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. ट्रक घरापुढे उभाच. दीर म्हणाले, विकून टाकू, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. ते हसले. त्या हसण्याचा मला इतका संताप आला, की दुसऱ्याच दिवशी मी स्टिअरिंगवर बसले. हे शेजारच्या सीटवरून सांगायचे, मी करायचे. आधी न्यूट्रल बघ, मग चावी. इंजिन लागलं की लगेच रेस दाबू नको, ऑइल वर चढू दे. आणि हवा भरल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आमच्या जुन्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतली हवा इंजिन चालू असतानाच भरते आणि रात्रभरात गळून जाते. म्हणून चाकाला दगड लावलेला असायचा.

एका सकाळी कळलं, दिरांनी परस्पर गिऱ्हाईक बोलावलंय. त्याला घेऊन ते टेकडीखाली डांबरी रस्त्यावर थांबले होते. ट्रक स्वतः चालवत त्यांच्यापुढे नेऊन उभा करायचा, म्हणजे विकायचा विषयच संपेल, असं मी ठरवलं. यांना कसंबसं गाडीत चढवलं, तर हेच म्हणाले, "जाऊ दे न, विकून टाकू."

माझं डोकं फिरलं. "तुमी चूप बसा. एक शब्द बोलू नोका."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी दगड काढून फेकला, इंजिन लावलं, लगेच गिअर टाकला आणि हँडब्रेकला हात घातला. समोर सरळ उतार, आणि उतारावर हापशीपाशी बायकांची गर्दी.

तेवढ्यात एक म्हातारा ट्रकपुढे येऊन बसला. हातात पांढरा झेंडा, पायी महाराजांच्या पोहरादेवीला निघालेला. आमच्या तांड्यातला नव्हता. कुणाच्या चुलीतला निखारा त्याने गोवरीवर आणला होता. त्यावर तो तूप-गूळ सोडू लागला.

"बाबा, सरका तिथून," मी ओरडले.

"थांब याडी, थांब माय. भोग लावल्याबिगर तांडा हालत नसते."

आमचे पूर्वज बैलांवर मीठ वाहायचे तेव्हाची ही रीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा हाच देव माझ्या वाटेत. मी हॉर्न दाबला. तोही हवेवरचाच. त्यातून नुसतं फुस्स झालं.

यांनी झटकन मान वळवली. मी हवेच्या काट्याकडे पाहिलं. काटा तळाला पडला होता. टाकीत हवा नव्हती, म्हणजे ब्रेक नव्हता, आणि खाली हापशीवर माझी जाऊ वाकून घागर भरत होती. मी हँडब्रेकवरचा हात काढला. गिअर काढून गाडी न्यूट्रल केली.

म्हातारा सावकाश अरदास, आमची प्रार्थना, म्हणत राहिला. काटा हळूहळू वर चढला. त्याने राखेचं बोट बोनेटला लावलं, "जाय आता" म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. कोण, कुठला, मी विचारलंसुद्धा नाही. ट्रक मी खाली नेला, दिरांच्या पुढ्यात उभा केला. त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही.

तांड्यात म्हणतात, महाराजच आले होते. मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी माझ्या हातून जे घडणार होतं ते घडलं नाही, एवढे उपकार मी जन्मभर मानीन. यांचा पाय अजून तसाच आहे आणि माझा रागही. रोज इंजिन लावलं की हात मांडीवर ठेवून मी थांबते. तेवढ्या वेळात महाराजांशी भांडून घेते. "त्यायचा पाय काहून नाही देत तू?" असं विचारते. काटा वर येतो. मग मी महाराजांच्या पाया पडते आणि निघते.