आयुब मास्तरांनी लिहिलेला अर्थ

लोहाऱ्यापासून तीन कोसांवरच्या त्या गावात निजामाच्या राजवटीत इंग्रजी येणारा माणूस एकच होता, आयुब मास्तर. शाळा उर्दू, चौथीपर्यंतची. पण मास्तरांनी तरुणपणी गुलबर्ग्याला राहून इंग्रजीची सहा बुकं वाचली होती. कुणाच्या पोराची मुंबईच्या गिरणीतून तार आली, कुणी औषधाची बाटली आणली, की माणूस वहाणा काढून मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसायचा. मास्तर चष्मा पुसायचे, कागद उजेडाला धरायचे आणि अर्थ सांगायचे. एखादा शब्द अडला तरी ते कबूल करत नसत. पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन डिक्शनरी बघायचे आणि बाहेर येऊन सांगायचे. त्यांची बायको अजीजाबी म्हणायची, “एखाद्या दिवशी म्हणा की मला ठाऊक न्हाय म्हणून. जीभ काय झडत न्हाय.”

“मग लोक यायचे कशाला?” मास्तर म्हणायचे.

त्यांच्या घरापासून दोन हाकांवर गुरुसिद्धप्पाचा माग होता. बोलणं मराठीत, बायकोशी भांडण कानडीत. लुगडी विणायचा आणि लोहाऱ्याच्या बाजारात विकायचा. पूर्वी ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत गल्लीत बांबू रोवून लांबच्या लांब ताणत, त्याला चार माणसांचे हात लागत. आई गेली, भाऊ वेगळा झाला, तेव्हा तो आणि नागूबाई दोघंच उरली. दिवाळीनंतर तो सोलापूरला आपल्या मावसभावाकडं जाऊन आला आणि तिथल्या एका कारखान्यात ताण्याची काहीतरी सोय लावून आला. काय ते गावात कुणी विचारलं नाही.

इंग्रज गेला होता, पण निजाम राहिला होता. सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, निजामाशी लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या होत्या. अलीकडं रझाकार फिरत होते. माळावर दिवे दिसतात, कंदील हलवून खुणा करतात, असं जो तो सांगायचा. बघितलेलं कुणीच नव्हतं. नाक्याच्या चौकीवर नवा अमीन, म्हणजे पोलिसांचा फौजदार, आला होता आणि सरहद्दीपलीकडून येणारं टपाल तो फोडून बघत होता.

संक्रांतीच्या आधी अमिनानं मास्तरांना चौकीत बोलावलं. समोर एक कार्ड ठेवलं. गुरुसिद्धप्पाच्या नावचं, सोलापूरहून आलेलं, इंग्रजीत. मावसभावाला लिहिता येत नसावं, कारखान्यातल्या कुणा कारकुनाकडून त्यानं लिहून घेतलं असावं. मजकूर तीन ओळींचा. बीम तयार आहे. सोमवारी सांजेला तुमच्याकडं पोचेल. नाक्याजवळ थांबावे.

“ये बीम क्या है?” अमिनानं विचारलं.

मास्तरांनी सवयीनं म्हटलं, “घरी जाऊन येतो.”

डिक्शनरीत दोन अर्थ होते. पहिला शहतीर, म्हणजे घराची तुळई. दुसरा शुआ, उजेडाचा किरण. मास्तर उभ्या उभ्या विचार करत राहिले. तुळई सोलापूरहून कशाला येईल? गावात बाभळी काय कमी आहेत? आणि गुरुसिद्धप्पाला घर बांधायचं नव्हतं. पण किरण तरी पोचेल म्हणजे काय? दोन्ही अर्थ बसत नव्हते. त्यांनी चौकीत येऊन दोन्ही सांगितले.

अमिनानं लेखणी पुढं केली. “मास्तरसाब, एकच मानी, एकच अर्थ लिहा. दोन लिहिले तर वर काय पाठवू मी? दिव्याची खबर तर रोज येतेय.” मग त्यानं आणखी एक सांगितलं. “आणि बाहेर बोलायचं नाही.”

मास्तरांनी शुआ लिहिलं. खाली सही केली. मला ठाऊक नाही, हे तीन शब्द लिहायला तिथं जागा होती, दौतीत शाई होती. ते नंतर कितीतरी वर्षं हेच म्हणत राहिले.

रविवारी सकाळी गुरुसिद्धप्पाला मागावरून उठवून नेलं. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, त्यामुळं मास्तर शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. खिडकीतून त्यांना तो दिसला. शिपायांच्या मधून चालताना त्यानं शाळेकडं बघितलं, ओळखीचं माणूस दिसावं तसं.

सोमवारी ऊन कलताना नाक्याकडून एक बैलगाडी आली आणि गुरुसिद्धप्पाच्या दाराशी थांबली. गल्ली गोळा झाली. मास्तरही गेले. गाडीत माणसाएवढं लांब गोल लाकूड होतं, दोन्ही टोकांना चकत्या, आणि त्यावर पांढरं सूत पिळून बसवल्यासारखं घट्ट गुंडाळलेलं. नाक्यावरच्या जकातवाल्यांनी त्याची जकात घेऊन ते सोडलं होतं. चौकीतले शिपाई माळावर दिव्याची वाट बघत बसले होते, त्यांनी गाडीकडं बघितलंही नाही.

“हे काय?” मास्तरांनी गाडीवानाला विचारलं.

“बीम,” तो म्हणाला. “मागाला लावायचं. ताणा तयार करूनच देत्यात आता.”

मास्तर गाडीपासून दाराकडं वळले. नागूबाई दारात उभी होती. तिथंच, गल्लीसमोर, त्यांनी तिला सगळं सांगितलं. कार्ड, डिक्शनरी, सही. नागूबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्यास्नी सोडवून आणा. तवर हिकडं येऊ नगा.”

अमीन ऐकेना. कागद वर गेला, माणूसही धाराशिवला गेला, आता माझ्या हातात काही नाही, असं त्यानं सांगितलं. मास्तर मंगळवारी पहाटे निघाले. धाराशिवला पोचायला दोन दिवस लागले, अर्धी वाट पायी, अर्धी एका व्यापाऱ्याच्या गाडीतून. तीन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या अंमलदारानं त्यांचा अर्ज वाचला. तो मूळचा वरंगळकडचा होता, आणि त्याच्या गावात कोष्ट्यांची वस्ती होती, मागाचं बीम त्याला ठाऊक होतं. त्यानं बीम शब्दावर बोट ठेवलं.

“आधीच्या कागदावर सही तुमचीच आहे,” तो म्हणाला.

“माझीच आहे.”

“आणि आता म्हणताय की चूक झाली.”

“चूक नाही झाली, साहेब. मला येत नव्हतं आणि मी लिहिलं.”

अंमलदारानं सुटकेचा हुकूम लिहिला. पण गुरुसिद्धप्पा कोठडीतून चालत बाहेर आला नाही. दोघांनी त्याला धरून आणलं. दिवे कुठं ठेवलेत, कोण दाखवतं, हे आठवडाभर त्याला विचारत होते. त्याला सांगायला काहीच नव्हतं. त्याची उजवी बाजू सुजली होती, आणि लघवीतून रक्त जात होतं.

गाडीत गवतावर निजवून मास्तरांनी त्याला गावी आणलं. वाटेत मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. तेरणा नदीच्या पुढं गेल्यावर त्यानं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर विचारलं, “मास्तर, त्या बीमचा इंग्रजीत अर्थ काय हाय?”

“उजेडाचा किरण. आणि तुळई. मागाचा अर्थ माझ्या बुकात नव्हता.”

“सोलापुरात समदे बीमच म्हणत्यात. पोरंबी.” तो आभाळाकडं बघत राहिला. “तुमी मला इचारायचं व्हतं. माझं घर दोन हाकांवर हाय.”

“कुणाला सांगू नका म्हणाले होते.”

“सांगू नगा म्हणले व्हते,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. “इचारू नगा म्हणले न्हवते.”

गाडीवानानं बैलांना उगीच हाक दिली.

गुरुसिद्धप्पा घरी बारा दिवस जगला. बीम भिंतीशी टेकवून ठेवलं होतं. ते मागावर चढवायचं कसं हे त्यानं नागूबाईला पडल्या पडल्या सांगितलं, कानडीत, पुन्हा पुन्हा, तिच्याकडून म्हणवून घेत. तेराव्या दिवशी त्याला लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली. मास्तर लांब चिंचेखाली उभे होते. कुणी त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. निजामाचं राज्य पाच दिवसांत गेलं आणि मग गावोगाव मुसलमानांवर सूड सुरू झाला. ज्यांनी कुणाला काही केलं नव्हतं त्यांचीही घरं जळाली. मास्तरांचा सरदार नावाचा धाकटा मेव्हणा लोहाऱ्याच्या वाटेवर मारला गेला. मास्तर आणि अजीजाबी अकरा दिवस ज्वारीच्या उभ्या पिकात राहिली. परत आली तेव्हा घराला दार नव्हतं.

पुढं नव्या सरकारचा अधिकारी चौकशीला आला. चावडीत त्यानं नागूबाईला विचारलं, “तुमच्या नवऱ्याविरुद्ध कागद कुणी लिहिला?”

मास्तर समोरच बसले होते. नागूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. हाताला सुताची खळ लागली होती, ती पदराला पुसत म्हणाली, “ह्यांनी.”

“खरं आहे?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“खरं आहे,” मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. मास्तरांची नोकरी गेली, आणखी काही झालं नाही. अजीजाबीला राग आला. “सोडवून बी तुमीच आणलं, ते तिनं का सांगितलं न्हाय?” ती म्हणाली.

“तिला तेवढंच विचारलं,” मास्तर म्हणाले.

थंडी सुरू होता होता दोघं गाव सोडून तेरला गेली, अजीजाबीच्या थोरल्या भावाकडं. तिथं मास्तर तेरणेकाठी एका आमराईची राखण करायचे. मोहोर लागला की झाडाखाली खाट टाकायची, माकडं हाकायची, गळालेल्या कैऱ्या वेचून टोपलीत भरायच्या. हा माणूस शिकलेला आहे हे मेव्हण्याशिवाय तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा मालकाच्या घरी तार आली आणि घरात वाचणारं कुणी नव्हतं. अजीजाबी सहज बोलून गेली, “आमच्याकडं द्या की.” मालकीणबाईंनी तार आमराईत धाडली. मास्तरांनी ती हातात घेतली, वाचली. चारच शब्द होते, सोपे, सगळे येणारे. तरी ते उठले, भर उन्हात दोन मैल चालत टपालकचेरीत गेले, तिथल्या बाबूकडून अर्थ वदवून घेतला आणि मगच मालकाच्या दारात जाऊन सांगितला. मालकाची मुलगी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. घरच्यांनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

तेरमध्ये मास्तर नऊ वर्षं जगले.