अ‍ॅम्प्लिफायरचं फॅट

कळंब्याच्या धोंडीराम आण्णांनी दूध संस्थेत एकतीस वर्षं दुधाचं फॅट तपासलं. आण्णा निवृत्त झाले, त्यांची सवय मात्र निवृत्त झाली नाही. लग्नात वाढलेली बासुंदीही ते आधी उजेडात धरून बघतात आणि वाढपी घाम पुसत उभा राहतो.

अशा माणसानं बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून कमरेएवढे दोन स्पीकर आणले. अ‍ॅम्प्लिफायर 'चांगला बघून घेऊ' म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. स्पीकरांवर पापड वाळले, मागं मांजर व्याली. शेवटी त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, जाहीर केलं, "रविवारी माझ्या दादाचा टेम्पो येतोय गगनबावड्यास्नं. तवर ह्यातनं आवाज निघाला तर ठीक, न्हायतर चाललं ह्ये कोंबड्यांच्या खुराड्याला!"

शनिवारी सकाळीच आण्णा रिक्षात दोन स्पीकरांच्या मध्ये अंग चोरून बसले आणि राजारामपुरीत सम्राटच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर उतरले.

"आण्णा, ह्यो घ्या! दोन हजार वॅट, निळं दिवं, लाल दिवं. किंमत फक्त पाच हजार. गल्ली हालंल!" सम्राटनं एक अ‍ॅम्प्लिफायर पुढं सरकवला.

"पाच हजारापर्यंतचं तीन काढ आन् तिन्हींवर टॉवेल टाक. मला नुसता नंबर सांगायचा. दुधाच्या सॅम्पलच्या बाटलीवर सरपंचाचं नाव असतंय व्हय? आवाजबी सारखाच ठेव. मोठ्यानं बोलणारा खरा वाटतोय माणसाला."

मग आण्णांनी मोबाईल पुढं केला. त्यात घरच्या म्हशीची धार काढतानाचा आवाज होता. सम्राटनं कपाळाला हात लावला, पण टॉवेल टाकले.

नंबर एक वाजला. "ही धार न्हवं, पत्र्यावर गारा पडाल्यात."

नंबर दोन. "ह्यात माश्या किती घोंगावायल्यात!"

नंबर तीनला आण्णांनी डोळे मिटले. रिकाम्या बादलीत पहिली धार टणटणली, मग फेस चढत गेला तसा आवाज दाटत गेला. "अर्धी बादली झाली बघ," ते पुटपुटले. शेजारचं गिऱ्हाईक वाकून स्पीकरखाली दूध सांडलंय का बघायला लागलं.

टॉवेल निघाले. गारा पडल्या होत्या त्या दोन हजार वॅटमधून. नंबर तीन जेवणाच्या डब्याएवढा, बिनदिव्याचा, तीस वॅटचा. आण्णांचा चेहरा पडला. 'दणका आणतो' असं ते अख्ख्या गल्लीला सांगून आले होते.

"एवढ्या पेट्यांना ह्येवढासा?"

"रग्गड हाय. तुमचं स्पीकर थोडक्या वॅटवर मोठ्यानं वाजणारं. मागं आठ ओहम लिवलंय, ह्यालाबी आठ चालतंय. त्या दुसऱ्यातलं एकोणीसशे वॅट नुसतं खोक्यावर हाईत."

"मग मघाशी मला तेच का गळ्यात मारत हुतास?"

"गिऱ्हाईक तेच मागतंय की!"

एकतीस वर्षांत आण्णांनी टेस्टचा निकाल कधी फिरवला नव्हता. डबा काखेत मारून ते घरी आले.

दुपारी रेडिओवरचं भजन घुमलं, तशा बायडाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"आवाज बारीक हुतोय का?"

"हुतोय की."

"टीव्हीला लागतंय?"

"लागतंय की!" आण्णा खुशीत बोलून गेले.

रविवारी टेम्पो रिकामा परत गेला. आता रोज सात ते नऊ मालिकेतली सासू दोन्ही बाजूंनी रडते, आणि इतकी स्वच्छ, की गोठ्यात पळून बसलेल्या आण्णांना तिचा एकही हुंदका चुकवता येत नाही.