एक लाख वॅटचा मामा

माझा मामा उभ्या आयुष्यात जेवढं खोटं बोलला, तेवढं त्यानं टेम्पोवर रंगवूनच घेतलं होतं. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत 'एक लाख वॅट'. अहमदपुरात लग्न असो की वाढदिवस, साऊंडचा हा टेम्पो आला की पोरं आकडा वाचूनच नाचायला लागत.

आकडा काढला कसा? प्रत्येक स्पीकर-बॉक्सच्या पाठीवर छापलेले वॅट घेतले, बेरीज केली आणि वर मनाला येईल तेवढे टाकले. छापलेला आकडा म्हणजे क्षणभराचा जोर, शिंकेसारखा. वरातभर सलग मिळतो तो जोर वेगळा आणि फार थोडा. मामाला हे पक्कं ठाऊक होतं. विचारलं तर म्हणायचा, "लोक कानानं न्हाई, डोळ्यानं ऐकतात." लोकांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता, आणि मला त्याच्या धंद्याबद्दल नव्हता.

मग त्याच्या एकुलत्या एक लेकीला, अश्विनीला, अर्धापूरचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. पोहे खाता खाता मुलाचे वडील आपल्या केळीच्या बागेची तारीफ करू लागले. आमच्याकडे चाळीस किलोचा घड निघतो म्हणाले. मामानं बशी खाली ठेवली.

"सगळ्यात मोठा घड नका सांगू, पाहुणे. रोजचा सांगा."

पाहुण्यांनी दाराबाहेरच्या टेम्पोकडे बोट केलं. "सांगतो. आधी तुमचं रोजचं सांगा."

आत पडद्यामागे अश्विनी उभी होती. गावभर फेकणाऱ्या माझ्या मामाची मान पहिल्यांदाच खाली गेली.

"बाराशे," तो म्हणाला. "तेबी जनरेटर धड चाललं तर."

"आमचा वीस किलो," पाहुणे हसून म्हणाले. साखरपुडा तिथंच ठरला.

दुसऱ्या दिवशी मामानं पट्टीवर 'बाराशे वॅट' रंगवून घेतलं. गावानंही लगेच आपली अक्कल दाखवली. बॉक्स तेच, आवाज तोच, पण ऑर्डरी 'दोन लाख वॅट' रंगवलेल्या दुसऱ्या टेम्पोवाल्याकडे गेल्या. मामा गावाला शिव्या घालत राहिला, आकडा मात्र त्यानं परत वाढवला नाही.

मामा आता नाही. मला तो फार आठवतो. त्याचा टेम्पो जावयाची केळी नांदेडला नेतो आणि बाजारात लोक 'बाराशे वॅट' वाचून हसतात. जावयानं ते पुसायला दोनदा रंगारी आणला. दोन्ही वेळा अश्विनीनं त्याला आल्या पावली परत पाठवलं.